ढगेबाईंनी न केलेलं लॉगआउट

रक्तपेढीचे नवे संचालक हळबे साहेब म्हणजे कागदाचे वैरी. आल्या आल्या त्यांनी सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. रक्ताच्या पिशवीच्या नोंदीपासून कर्मचाऱ्याच्या मेमोपर्यंत सगळं सर्व्हरवरच झालं पाहिजे, आणि खुर्चीवरून उठताना लॉगआउट केलंच पाहिजे!

एका सकाळी सुरक्षेच्या हौसेपायी साहेबांनी स्वतःच सर्व्हरला हात घातला आणि एका फटक्यात सगळ्यांचे शेल, म्हणजे आत शिरल्यावर सर्व्हरवर काम करू देणारे प्रोग्राम, बंद केले. स्वतःचासुद्धा! आता पासवर्ड बरोबर दिला, तरी सर्व्हर आत घेई आणि त्याच क्षणी बाहेर काढी.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचा फोन आला. "पेशंट टेबलावर आहे, रक्त पाठवा!" त्या पेशंटसाठी जुळवून ठेवलेली पिशवी कोणती, हे फक्त सर्व्हरला ठाऊक.

घाम पुसत फिरणारे साहेब सिस्टिम सांभाळणाऱ्या ढगेबाईंच्या रिकाम्या खुर्चीपाशी थबकले. स्क्रीन उघडीच! चहाला गेलेल्या बाई धावत आल्या.

"नियम मोडलात! आधी लॉगआउट करा. मेमो देतो तुम्हाला!"

"जरूर द्या, साहेब," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण मेमो सर्व्हरवरच लिहायचा, हा तुमचाच नियम. आणि तुम्ही शेल बंद केलेत त्याआधीपासून मी आत आहे, म्हणून अख्ख्या इमारतीत आता हे एवढंच दार उघडं आहे. लावून घेऊ, की आधी पिशवी शोधू?"

साहेब खाली बघत म्हणाले, "शोधा."

पिशवी थिएटरात पोचल्याचा फोन आला, तेव्हा कुठे बाईंनी एकेकाचा शेल सुरू केला. साहेबांचा सगळ्यांत शेवटी.

"झालं, साहेब. आता लिहा मेमो."