चोचीतली काडी

विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. ठकूमावशीचं घरटं एकदा गाठ सैल राहिल्यानं तुटून काट्यात अडकलं आणि अंडी विहिरीत गेली. तेव्हापासून नव्या कारागिराला दीक्षेच्या दिवशी त्या घरट्यातली काडी मिळायची. ती चोचीत धरूनच तो फांदीला मारलेली आपली पहिली गाठ जोर लावून ओढायचा, मगच घर बांधायचा.

यंदा मुखिया पिवळोबा म्हणाला, “मावशी, शुभदिवशी हे रडगाणं किती वर्षं? पार जुनं झालं. पोरांना झेंडूच्या पाकळ्या देऊ.”

“आणि माझी अंडी कुणाच्या ध्यानात राहायची रे?”

“तुझ्यासाठी गाणं म्हणू की!”

गाणं खरंच गोड झालं. ठकूचेही डोळे भरले. चोचीतली पाकळी चुरगळेल म्हणून गाठ मात्र कुणीच ओढली नाही.

आषाढाचं वारं सुटलं, तरण्या चिमीचं घरटं गाठीपाशीच तुटलं आणि अंडी पाण्यात गेली. ठकू तिच्याशेजारी नुसती बसून राहिली.

सकाळी पिवळोबा मान खाली घालून आला. “मावशी, एक काडी दे. पोरांना पुन्हा बोलावतो.”

“माझ्याकडे कशाला, बाबा? माझं जुनं झालं. हिचं ताजं आहे, हिच्याकडे माग.”

पिवळोबाला चिमीकडे बघवेना.