शिंक्यातला बांध

एकदा एका वृद्ध स्थपतीकडे भार्गव नावाचा शिष्य विद्या शिकत होता. तलावांचे मातीचे बांध घालण्यात गुरुजींचा हातखंडा होता. त्यांच्या परंपरेत एक कडक रीत होती: जो बांध आखेल, त्याने स्वतःचे बिऱ्हाड त्याच बांधाच्या पायथ्याशी थाटायचे. भार्गवाचा हा पहिलाच बांध. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि पायथ्याच्या घरात नवी चूलही मांडून झाली होती.

त्याने टेकडीवरची माती आणून अंगणात, एका पाटीत, वीतभर उंचीचा नमुना केला. बाजू जवळजवळ उभ्या ठेवल्या, म्हणजे माती कमी लागेल आणि काम लवकर उरकेल. नमुना ढिम्म हलला नाही. स्वारी खूश झाली.

"गुरुजी, लहान उभा राहिला. आता मोठ्याला काय धाड भरणार?"

गुरुजी उठले आणि स्वयंपाकघरातले दह्याचे शिंके सोडवून घेऊन आले. नमुना पाटीसकट त्यात ठेवून दोर त्यांनी शिष्याच्या हाती दिला.

"डोक्याभोवती फिरव. गोफण फिरवतोस तसा."

"गुरुजी, हा बांध आहे. पाखरं नाही हाकायची."

"म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. फिरव."

भार्गव मनातून चडफडला, पण फिरवू लागला. शेजारी कुंपणाशी येऊन हसत होते. गुरुजींचे आपले एकच, "अजून जोरात." दोर हाताला काचू लागला तेव्हा तो थांबला. पाहतो तो बांधाची उभी बाजू घसरून पाटीत लोळत पडलेली. त्या ढिगाऱ्याखाली त्याला आपली नवी चूल दिसली, चुलीपुढे बसलेली बायको दिसली, आणि तो पुरता घाबरला.

तरी पुटपुटलाच, "असं गरगर फिरवल्यावर कोण टिकेल?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अरे, मुंगी माडीवरून पडली तर उठून चालू लागते. बैल पडला तर? वीतभर मातीला स्वतःचा भार जाणवतच नाही. मोठ्या बांधात मात्र वरची सगळी माती खालच्या मातीच्या उरावर बसते. फिरवताना दोर कसा जड झाला होता? तुझ्या बांधातला कण न् कण तसाच जड झाला. लहान बांधाला मी मोठ्याचा भार दिला, इतकंच."

(आजचे अभियंतेही धरणांचे छोटे नमुने प्रयोगशाळेत असेच फिरवून पाहतात. त्यांच्या शिंक्याला सेंट्रिफ्यूज म्हणतात आणि ते विजेवर चालते, एवढाच काय तो फरक.)

भार्गवाने उतार पसरट केला. पुन्हा फिरवले, पुन्हा ढासळला. आणखी पसरट केला, तेव्हा कुठे नमुना टिकला. खऱ्या बांधाला माती दुप्पट लागली आणि काम पावसाळ्याच्या तोंडावर कसेबसे पुरे झाले. भार्गवाला त्याचे काही वाटले नाही.

श्रावणात तलाव काठोकाठ भरला. त्या दुपारी गुरुजी पायथ्याच्या घरी जेवायला आले. बांधाविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. भार्गव वाट पाहून कंटाळला. दोनदा आमटी मागून घेऊन गुरुजी ओसरीवर गेले, घोंगडी पसरली, बांधाकडे पाठ केली आणि बघता बघता घोरू लागले.

भार्गव दारात उभा राहून ते घोरणे ऐकत होता. त्याला शाबासकी मिळाली होती.