कप्तानाची पट्टी

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात उदय मेन्सा बचावफळीत खेळायचा. आई कोल्हापूरची, बाप घानाचा. अख्खी कारकीर्द त्यानं समोरच्यांचे हल्ले अंगावर घेतले. पण त्याला कप्तान करायची गोष्ट निघाली की अध्यक्ष सर्जेराव भर सभेत म्हणायचे, "पोरगं अर्धंच आपलं." जणू माणूस नव्हे, भाकरी होती.

अंतिम सामन्याच्या तोंडावर कप्तानाचा पाय मोडला. मग सर्जेराव कप्तानपदाची पट्टी घेऊन हसत मैदानात आले आणि त्यांनी उदयचा उजवा दंड धरला.

"हा बापाचा," उदय म्हणाला.

सर्जेरावांनी डावा धरला.

"हा आईचा. आणि आई तुमच्यावर लई चिडलीया."

"मग बांधू तरी कुठं?"

"द्या हिकडं. माझी मी बांधतो. पुरा माणूस हाय मी."