टाचेवरचे मीठ

पायातले कडे तुटले म्हणजे माणूस मोकळा झाला, असे तुम्ही म्हणाल का? उत्तर देण्यापूर्वी तुळाजीची हकिगत ऐका.

एका खाडीच्या काठी एक मिठागर होते. तेथे राबणारी सारी माणसे मालकाने विकत घेतलेली होती. प्रत्येकाच्या पायात लोखंडी कडे असे. त्यांच्यासाठी ठरवलेले नियम मालकाने एका फळीवर कोरून घेतले होते. नियम मोडणाऱ्याला चाबूक मिळे. शेवटचा नियम असा होता: ज्याच्या टाचेवर मिठाची रेघ दिसेल, त्याने टेकडीवरच्या घराची वाट चढू नये. मिठात राबणाऱ्याची टाच कधी स्वच्छ होत नाही. भेगांत मीठ मुरलेले असते. त्यामुळे ती वाट कोणीच चढले नव्हते.

तुळाजी त्यांच्यातलाच, पण मुकादम. तीस वर्षांत त्याच्या पाठीवर चाबकाचा एकही वळ उमटला नव्हता. एवढीच त्याची मिळकत होती, आणि तिचा त्याला क्षणभरही विसर पडत नसे.

म्हातारा मालक वारला. त्याचा मुलगा आला तो लोहाराला बरोबर घेऊनच. त्याने सर्वांची कडी तोडवली, फळी उतरवली आणि सांगितले, "आजपासून तुम्ही चाकर नाही, घरचे आहात. असाल तसे वर या. पानं मांडली आहेत."

हरबा त्याच दुपारी वर गेला. आठवड्यातून एकदा तरी फटके खाणारा, कामचुकार म्हणून ठरलेला हा माणूस चिखलाच्या पायांनी ओसरीवर बसून जेवताना तुळाजीने खालून पाहिला. तुळाजीच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: याची आणि माझी पंगत एक, तर माझी तीस वर्षे कोणत्या कामाची? हा प्रश्न त्याने कोणापाशी काढला नाही. उतरवलेली फळी मात्र उचलून झोपडीत नेली.

मग तो एकेकाला समजावू लागला. धाकटे मालक उदार आहेत, म्हणूनच आपण पायरी सोडू नये; मिठाच्या पायांनी त्यांचे घर विटाळले, तर उद्या हेच दार बंद होईल. माणसे जन्मभर भ्यालेली होती. त्यांना फार समजवावे लागले नाही. कडी पुन्हा पायांत आली. पहिले कडे त्याने आपल्या एकुलत्या मुलीच्या, सगुणाच्या पायात बसवून घेतले आणि त्याचा जोड पक्का झाला की नाही, हे स्वतः ओढून पाहिले. टेकडीची वाट खाडीच्या उघाडीपासून सुरू होई. भरतीचे पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या त्या लाकडी दाराशेजारी तो गोड्या पाण्याचा घडा घेऊन बसू लागला. जो येई त्याने पाय धुवावे, टाच दाखवावी, आणि परत फिरावे.

"तुळाजीदादा," हरबा एकदा म्हणाला, "स्वतःची टाच कधी बघितलीस का?"

माणसे हसली. तुळाजी हसला नाही, आणि त्याने टाचही पाहिली नाही.

धाकटे मालक खाली आले. सगुणाच्या पायातले कडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"मी तोडलेलं तू जोडलंस?"

"मालक, आपल्या घराला शोभेल असं व्हायला नको का आम्ही?"

"शोभणाऱ्यांनाच बोलवायचं असतं, तर मी कोणालाच बोलावलं नसतं." मग ते म्हणाले, "ओढून मी कोणाला घरात नेणार नाही. दार उघडं आहे."

वैशाखातल्या अमावास्येला भर दुपारी वादळ उठले. उधाणाने बांध फुटला. टेकडीवर सर्वांना वर बोलावणारी घंटा वाजू लागली. माणसे वाटेकडे धावली, आणि तुळाजी वाट अडवून उभा राहिला. घंटा झाली म्हणून नियम संपला नाही, असे त्याने बजावले. हरबा वरून धावत आला. त्याने घडा लाथेने उडवला, तुळाजीला बाजूला लोटले, आणि माणसे वर चढली.

सगुणा तेवढी थांबली. ती मुकादमाची मुलगी होती.

"बाबा, पाणी आलं."

"पाणी दिसतंय मला. टाच दाखव."

टाचेवर पांढरी रेघ होती. घडा फुटलेला होता. ती बापाच्या शब्दाबाहेर गेली नाही. पाय धुवायला उघाडीशी उतरली. लाट आली आणि तिच्या पायातले कडे उघाडीच्या आकड्यात अडकले. हरबाने तीनदा बुडी मारली. जोड सुटला नाही. तो पक्का होता.

तुळाजी वाचला. पुढे कित्येक वर्षे तो टेकडीवरच्या घराच्या पायरीशी बसून दगडाने टाच घासत असे. मालक रोज त्याला आत बोलावीत. दार उघडेच होते. एके दिवशी तो त्या पायरीवरच मेला. मुठीत सगुणाचे कडे होते, आणि टाचेवर मिठाची रेघ तशीच होती.

तात्पर्य: देवाने कृपेने ज्याला घरचा केले, तो आपल्या पुण्याईच्या अभिमानाने पुन्हा नियमशास्त्राचा दास झाला, तर उघडे दारही त्याला बंदच राहते, आणि ते दास्याचे कडे तो दुसऱ्याच्या पायात घालतो, तेव्हा त्या जिवाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.