उथळ काठाचे पाणी

मोह आणि ऐनाच्या एका दाट रानात एक करकोचा राहत असे. त्याचे पाय लांब होते आणि जीभ सरळ होती. डोळ्यांनी पाहावे तेवढेच तोंडाने सांगावे, असा त्याचा स्वभाव. ‘करकोचा म्हणाला’ एवढे ऐकले की रानातले भांडण मिटायचे. मुलांनो, असे नाव मिळवायला त्याला सारी उमर लागली होती.

त्या रानात एकच तळे होते. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा फुटत असे आणि त्याच्या धारेवर ते तळे बारमाही टिकून राही. पूर्वी तळ्याची राखण गव्यांच्या कळपाकडे होती. गवे बलवान, पण दिवसेंदिवस सुस्त होत गेले. तळे साफ केले काय आणि न केले काय, त्यांना विचारणारे कोणीच नव्हते. गाळ साचला, झऱ्याचे तोंड पाचोळ्याने बुजले, पाण्यावर हिरवी साय धरली. एका उन्हाळ्यात ते पाणी पिऊन सशांची सात पिले दगावली. तेव्हा सारे प्राणी वडाखाली जमले.

म्हाताऱ्या गव्याने मान खाली घातली. “आमच्याकडून हे होत नाही,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.”

तेव्हा एक रानडुकरीण पुढे आली. तिचा कळप मोठा होता आणि चिखल उपसण्यात त्यांचा हात धरणारे रानात कोणी नव्हते. “आम्ही गाळ काढतो, झरा मोकळा करतो, एक खोल डोहही खणतो,” ती म्हणाली. “पण आमच्या पिलांनाही पोट आहे. डोहावर जो पाणी पिईल त्याने जाताना बोरं, आवळे, मोहाची फुलं, जे असेल ते थोडं ठेवावं.”

बहुतेकांना ते पटले. हरणे आणि ससे मात्र एकमेकांकडे पाहू लागले. “आम्ही उन्हाळ्यात कुठून आणायचं?” त्यांनी विचारले.

बराच वेळ बोलणे झाले आणि शेवटी असे ठरले, की तळ्याचा उथळ काठ सर्वांना मोकळा राहील. तिथे पिणाऱ्याने काहीही द्यायचे नाही. झऱ्याचे पाणी आधी त्या काठाला मिळेल आणि उरेल ते डोहात जाईल. हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहायला करकोच्याला नेमले. रोज सकाळी त्याने पाण्यात उभे राहायचे आणि पाणी किती आहे ते साऱ्या रानाला ओरडून सांगायचे. पाणी गुडघाभर असेल तर चिंता नाही. ते पायाच्या बोटांपर्यंत उतरले, तर डोहाची वाट बंद करून झऱ्याची सगळी धार उथळ काठाकडे सोडायची.

पहिले वर्ष फार चांगले गेले. रानडुकरांनी गाळ काढला, झरा खळखळू लागला. तळाचे खडे दिसावेत असे नितळ पाणी प्राण्यांनी कित्येक वर्षांनी पाहिले. करकोचा रोज पहाटे उथळ काठावर उभा राही आणि खणखणीत आवाजात सांगे, “पाणी गुडघाभर!” ते ऐकून ससे निर्धास्तपणे बिळाबाहेर येत.

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी पडला. वैशाख लागला तशी झऱ्याची धार बारीक होत होत उंदराच्या शेपटीएवढी झाली. डुकरिणीने आपल्या पिलांकडे पाहिले. डोह आटला, तर तिथे कोण येणार आणि फळे कोण ठेवणार? तिने झऱ्याच्या तोंडाशी असलेले दोन दगड सरकवले. धार सरळ डोहाकडे वळली. “चार दिवसांपुरतंच,” ती स्वतःशी म्हणाली.

त्याच दिवशी ती करकोच्याकडे गेली. “दादा, तिकडे उघड्यावर ऊन किती लागतं तुम्हाला! आमच्या डोहावर जांभळाची सावली आहे, चार मासेही आहेत. पाणी एकाच तळ्याचं. इथे उभे राहिलात, तरी मोजणी तीच ना?”

करकोचा घुटमळला. पण उथळ काठावरचे मासे केव्हाच संपले होते आणि तो दोन दिवसांचा उपाशी होता. तो डोहात जाऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी त्याला वाटले, मोजून झाल्यावर तिकडेही एक फेरी मारावी. दुसऱ्या दिवशी त्याला तसे वाटले नाही. रोज सकाळी तो ओरडे, “पाणी गुडघाभर!” त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

उथळ काठाजवळच्या झुडपात एक हरिणी राहत असे. तिचा मागचा पाय अधू होता. बाकीचा कळप दोन टेकड्या ओलांडून नदीकडे निघून गेला, तेव्हा ती आपल्या पाडसाला घेऊन मागे राहिली. रोज ती करकोच्याची हाक ऐके आणि रोज तिच्या समोरचा काठ हातभर मागे सरके. एके दिवशी ती लंगडत डोहापर्यंत आली.

“दादा,” ती म्हणाली, “आमच्या काठाला खूरसुद्धा भिजत नाही हो. तुम्ही गुडघाभर म्हणता, ते कुठलं पाणी?”

“तळ्याचंच,” करकोचा म्हणाला. “मी रोज मोजतो. आजही मोजलं.”

“एकदा तिकडे येऊन बघता का?”

करकोच्याच्या पायाजवळून एक मासा सुळकन गेला. “उद्या येतो,” तो म्हणाला.

हरिणीने पाडसाला डोहाच्या कडेला पुढे केले. तिथे बसलेल्या डुकराने मुस्कट वर केले. “मावशी, इथे पिणाऱ्याने काहीतरी ठेवायचं असतं.”

“पिलापुरता घोटभर दे रे.”

“एकाला दिलं, तर सगळेच येतील,” तो म्हणाला. त्याने तिला ढकलले नाही, पण वाटही दिली नाही. करकोच्याने ते सारे ऐकले. हे आपले काम नव्हे, असे त्याने मनाला सांगितले आणि मान दुसरीकडे वळवली. हरिणी परत गेली.

दुपारी पाडसाला उथळ काठाच्या मधोमध काहीतरी चमकताना दिसले. चिखलात उरलेले ओंजळभर पाणी होते ते. आईने हाक मारेपर्यंत पाडस धावत सुटले. वरची वाळलेली खपली फुटली आणि पाडस पोटापर्यंत आत गेले. हरिणीने आक्रोश केला. ती मागोमाग धावली, तेव्हा तिचेही पाय रुतू लागले आणि ती कशीबशी काठावर परतली.

सारे रान धावून आले. म्हाताऱ्या गव्याने पुढे पाऊल टाकले, तर त्याच्या भाराने चिखल डचमळला आणि पाडस आणखी खाली गेले. मग डुकरीण आली. तिने इकडेतिकडे पाहिले नाही. पोटावर आडवी होऊन ती चिखलातून सरपटत गेली, तिने पाडसाची मानगूट दातांत धरली आणि त्याला ओढत काठाला आणले. पण नाकातोंडात चिखल गेला होता. पाडसाचा श्वास थांबला होता.

हरिणी बराच वेळ त्याचे तोंड चाटत राहिली. चिखल निघाला, डोळे मोकळे झाले, पण पाडस उठले नाही.

“इथे एवढं आटलंय आणि आम्हाला पत्ता नाही!” एक ससा म्हणाला. “या उन्हात आम्ही बिळाजवळच्या कंदांवर तहान भागवत होतो आणि रोज गुडघाभर ऐकत होतो.”

“मीही ऐकत होते,” डुकरीण म्हणाली. तिच्या अंगावरून चिखल गळत होता. “धार मी वळवली. दादा ‘बोटांपर्यंत’ म्हणाले, की दगड परत ठेवायचे, असं मनाशी ठरवलं होतं. ते आमच्याच डोहात उभे होते, हे मला ठाऊक होतं. ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून ऐकत राहिले.”

सर्वांच्या नजरा करकोच्याकडे वळल्या. तो पुढे आला. त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “मी खोटं बोललो नाही,” तो म्हणाला, “आणि म्हणूनच मला कळलं नाही, की मी काय करतोय. ही हरिणी आज सकाळी माझ्याकडे आली होती. मी उद्या येतो म्हणालो.”

मग एकदम गलका झाला. “हाकला या डुकरांना! तळं पुन्हा गव्यांना द्या!”

म्हाताऱ्या गव्याने मान हलवली. “आमच्या हाती होतं, तेव्हा सशांची सात पिलं गेली,” तो म्हणाला. “तेव्हाही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.”

गलका थांबला.

“मला या कामातून मोकळं करा,” करकोचा म्हणाला. “दुसऱ्या कोणाला नेमा.”

हरिणीने मान वर केली. “नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच उभे राहा. पण आता इथे राहा, माझं पिलू जिथे रुतलं तिथे. आणि डोहातला एकही मासा तोंडात घेऊ नका. आमच्यातलं कोणीतरी रोज तुमच्याबरोबर येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.”

डुकरिणीने त्याच वेळी जाऊन दोन्ही दगड जागेवर ठेवले आणि डोहाची वाट मातीने बुजवली. तिच्या कळपाने झऱ्यापासून उथळ काठापर्यंत एक पाट खणला. दुसऱ्या दिवशी पहाटे करकोचा कोरड्या चिखलावर उभा राहिला. शेजारी एक म्हातारा ससा होता. करकोच्याने घसा साफ केला आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असे ओरडून सांगितले, “पाणी नाही!”

तिसऱ्या दिवशी पाटातून गढूळ पाण्याची बारीक धार आली. आधी ससे प्यायले, मग साळिंदर प्यायले. डुकरिणीची पिलेही रांगेत उभी होती. सर्वांत शेवटी हरिणी आली. पाण्याला तोंड लावून ती पोटभर प्यायली आणि कोणाकडेही न पाहता झुडपात निघून गेली.

तात्पर्य : पाणी वाटणारा कोणीही असो, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याने सर्वांत दुबळा जिथे पितो तिथे उभे राहूनच मोजावे, कारण सोयीच्या जागेवरून सांगितलेले खरेही जीव घेते.