उन्हाचा सांगावा देणारी निंगव्वा

ही गोष्ट फार मागची. बिसलूरला वेस होती पण रस्ता नव्हता, आणि कुठं जायचं तर आपल्या दोन पायांशिवाय कुणाचा भरवसा नव्हता, तेव्हाची.

बिसिलु म्हणजे कानडीत ऊन. गावाचं नावच उन्हाचं. दक्षिणेला, जिथं मराठी बोलता बोलता माणूस नकळत कानडीत शिरतो, तिथं हे गाव आहे. चैत्र लागला की तिथलं ऊन माणसाशी दावा धरतं. कासराभर दिवस वर आला की चूल पेटवायला लागत नाही, तवा नुसता अंगणात ठेवायचा, असं बिसलूरची माणसं हसून सांगतात. पण ती गंमत त्यांनीच करावी. परक्यानं केलेली त्यांना खपत नाही.

गावाच्या पूर्वेला पाच कोसांचा उघडा माळ होता. झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचा थेंब नाही. पलीकडे मादळगी. बाजार मादळगीला, सोयरिकी मादळगीला, म्हणून माळ ओलांडल्यावाचून कुणाचं चालत नसे. रात्री जावं तर लांडगे, दिवसा जावं तर ऊन. दर उन्हाळ्याला माळ दोन-चार माणसं ठेवून घेई.

त्या गावात संगप्पा कुंभार आणि त्याची बायको निंगव्वा राहत होती. एका वैशाखात संगप्पा कावडीतून मडकी घेऊन मादळगीच्या बाजाराला गेला. परत येताना वेशीपर्यंत पोचला, तिथं एक मोठा काळा दगड आहे, त्याला पाठ टेकून बसला आणि उठलाच नाही. निंगव्वा तांब्या घेऊन धावली तेव्हा त्याचं अंग भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखं लागत होतं. चार वर्षांची लेक, सुगला, तिच्या मागं मागं आली होती. तिला वाटलं, अप्पा झोपला.

दिवसपाणी झालं. एका पहाटे निंगव्वा त्या दगडापाशी गेली आणि नवऱ्याची पाठ जिथं टेकली होती तिथं तिनं हात ठेवला. सूर्य उगवायचा होता, तरी दगड ऊन होता. त्या दिवशी असं तापलं की रानात चार गुरं पडली. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा गेली. दगड गार. तो दिवस सोसण्यासारखा गेला. मग ती रोज जाऊ लागली, आणि तिला कळलं ते असं : दगड कालचं ऊन पोटात ठेवतो, रात्रभरात ते सोडून देतो, पण ज्या रात्री सोडत नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन माणूस मारतं.

तिची भट्टी गावच्या उंचवट्यावर होती. दगड गार लागला की ती भट्टीवर ओला तरवड, फांद्यापाल्यासकट, टाकायची. पांढरा धूर सरळ वर चढायचा, तो मादळगीहून दिसायचा. धूर दिसला की दोन्हीकडची माणसं वाटेला लागत. नाही दिसला की बांधलेलं गाठोडं सोडून ठेवत. सोळा उन्हाळे असे गेले, आणि सोळा उन्हाळ्यांत माळावर एक माणूस दगावलं नाही. असं म्हणतात, सूर्यसुद्धा उगवण्याआधी निंगव्वाला विचारून उगवत असे. तिला हे कुणी सांगितलं की ती मान हलवायची. म्हणायची, दगड सांगतो, मी नुसती ऐकते.

सुगला मोठी झाली, तिला मादळगीत दिली. जावई मल्लप्पा जिवाला जीव देणारा होता, पण घर सुगलाच्या सासूच्या शब्दावर चाले. सुगलाचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सुईण उशिरा आली, मूल हाती लागलं नाही. मायलेकींची गाठ नाही, की गळ्यात पडून रडणं नाही. मध्ये माळ होता.

दुसऱ्या खेपेला मल्लप्पानं आईपुढं हट्ट धरला. सासूनं एवढंच कबूल केलं की अमावास्येपर्यंत धूर दिसला तर सुनेला माहेरी धाडीन. अमावास्येनंतर आठवा लागतो, मग घरची रीत अशी की पोटुशीनं शीव ओलांडायची नाही.

त्या वैशाखात दगड गार होईना. सुगला रोज पहाटे माळवदावर चढून पश्चिमेकडे बघत उभी राही. इकडे निंगव्वा रोज पहाटे दगडावर हात ठेवी आणि हात मागं घेई. एकोणीस दिवस धूर झाला नाही. तिनं लेकीसाठी डिंक आणून ठेवला होता, आळीव ठेवले होते, खोलीला नवं सारवण घातलं होतं. रोज त्या खोलीत जाऊन ती नुसती उभी राहायची.

अमावास्या उजाडली. निंगव्वा वेशीपाशी गेली आणि दगडावर तळवा टेकवला.

दगड ऊन होता.

तिनं हात उचलला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. ऊनच. मग दुसरा हात ठेवला. मग गाल ठेवला. असं म्हणतात, त्या वेळी दगड तिच्याशी बोलला, नको म्हणाला. पण तिच्या कानात लेकीचा हुंदका होता. तिच्या मनात आलं, दगडावर धूळ बसलीय, धुळीची ऊब असेल. हातात तांब्या होता. तिनं सगळं पाणी दगडावर ओतलं, पदरानं पुसून काढलं आणि मग हात ठेवला.

दगड गार लागला.

ती परत फिरली. वाटेत पाटील भेटले. बसगोंडा पाटील म्हातारे, रोज सांगावा ऐकायला सगळ्यांत आधी येत. त्यांनी विचारलं, काय म्हणतो दगड. निंगव्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आज ऊन मऊ आहे." आणि तिनं भट्टीवर तरवड टाकला.

दिवस कासराभर वर आला आणि वारा पडला. चिमण्या घरात शिरल्या, माणसांना भ्यायच्या थांबल्या. कुत्री रांजणाच्या मुळाशी ओल उकरून तिथं पोट टेकून पडली. वेशीवरच्या लिंबाची पानं हिरवी असतानाच चुरगळून खाली येऊ लागली. असं ऊन बिसलूरनं पाहिलं नव्हतं. पाटील धावत आले. ते रागावले नव्हते, भ्याले होते. म्हणाले, दगड असा कधी चुकला नव्हता गं.

धूर थांबला तर वाटेवरची माणसं मागं फिरतील, एवढंच निंगव्वाला सुचलं. घरात भरलेली होती नव्हती तेवढी मडकी तिनं उचलली आणि भट्टीवर रिकामी केली. पण निखाऱ्यावर पाणी पडलं की काय होतं ते कुंभारणीनं विसरायला नको होतं. भट्टी फुत्कारली आणि आधीच्या दहापट पांढरा लोट आभाळात चढला. असं म्हणतात, त्या दिवशीचा धूर बारा गावांना दिसला. मागं फिरा म्हणून ओतलेलं पाणी, या, या म्हणत वर गेलं.

तिनं उरलेली एक घागर डोक्यावर घेतली आणि ती माळावर धावली. पायात काही नव्हतं. बाया ओरडून मागं बोलावत होत्या, तिला ऐकू आलं नाही. जमिनीला पाय लागले की कातडं तिथंच राही, असं म्हणतात. डोक्यावरची घागर पहिल्या कोसाला कोमट झाली, दुसऱ्या कोसाला कढत.

तिसऱ्या कोसाला ती माणसं दिसली. मल्लप्पानं मुंडासं सोडून दोन्ही हातांनी सुगलाच्या वर ताणून धरलं होतं आणि स्वतः उघड्या डोक्यानं उभा होता. हात त्यानं खाली घेतले नव्हते. थोडं बाजूला बिसलूरचा म्हातारा मणेर, दस्तगीरचाचा, बांगड्यांच्या पेटीवर मान टाकून बसला होता. तोही धूर बघूनच घरी निघालेला. त्याच्या पिशवीत पाणी होतं ते त्यानं घोटघोट करून सुगलाला पाजलं, आणि संपल्यावर जरा बसतो म्हणून बसला, तो गेलेला होता.

निंगव्वानं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. घागरीतलं पाणी फुंकर घालून घालून तिच्या ओठाला लावलं. सुगलानं डोळे उघडले.

"अव्वा, धूर दिसला गं," ती म्हणाली. "अर्ध्यात आल्यावर हे म्हणाले, मागं फिरू. मीही म्हटलं, फिरू. तेवढ्यात केवढा मोठा धूर आला. मग मी म्हटलं, अव्वा बोलावतीय."

आणखी एक घोट तिनं घेतला. उन्हं कलायच्या आत ती गेली. पोटातलं गेलं. निंगव्वा तिच्यावर वाकून तशीच बसून राहिली, आणि असं म्हणतात की सूर्य त्या दिवशी मावळताना पश्चिमेला गेला नाही, लाजून मध्येच विझला.

संध्याकाळी गावानं तिघांना आणलं, दोघं खांद्यावर आणि मल्लप्पा हाताला धरून. वेशीपाशी सगळा गाव गोळा झाला. कुणी निंगव्वाला बोल लावला नाही. पाटील म्हणाले, दगड चुकला, देवाची मर्जी. बाकीच्यांनी माना हलवल्या. ती गप्प राहिली असती तर आज कुणालाच काही कळलं नसतं.

पण निंगव्वा उठून उभी राहिली.

"दगड चुकला नाही," ती म्हणाली. "दगड ऊन होता. मी पाणी ओतलं."

मल्लप्पा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाली बसून तोंड झाकून घेतलं. एकेक करत सगळे घरी गेले.

त्यानंतर निंगव्वा दगडापाशी गेली नाही. दारही उघडेना. पाटलांनी स्वतः पहाटे दगडावर हात ठेवून पाहिला, पण त्यांचा नातू मादळगीत अडकला होता, त्यांना दगड गार लागला. शेजारच्याला तोच दगड ऊन लागला, कारण त्याचा भाऊ सासुरवाडीहून लवकर परतू नये अशी त्याची इच्छा होती. ज्याच्या त्याच्या हाताला ज्याचं त्याचं मन लागे. आठ दिवस वाट बंद पडली.

नवव्या दिवशी पहाटे दस्तगीरचाचाची बायको, बानूबी, निंगव्वाच्या दाराशी आली. तिच्या हातांत एकही बांगडी नव्हती. तिची लेक मादळगीत होती, बापाच्या कबरीवर माती टाकायलाही तिला येता आलं नव्हतं. बानूबीनं दार वाजवलं नाही, नुसती उंबऱ्यापाशी बसली. बऱ्याच वेळानं निंगव्वानं दार उघडलं आणि तिचे पाय धरायला वाकली. बानूबीनं पाय मागं घेतले.

"माझ्या लेकीला यायचंय," ती म्हणाली. "ऊन सांग."

निंगव्वा म्हणाली, माझ्या हातावर आता भरवसा ठेवू नका, हे हात खोटे आहेत.

"हात खोटे नव्हते," बानूबी म्हणाली. "तुझी लेक वाटेवर होती. आता तुझं वाटेवर कुणी नाही. आता तुझ्याइतका खरा हात या गावात कुणाचा?"

हे बोल शाप होते की माया, यावर बिसलूरचं अजून एकमत नाही. जुनी माणसं म्हणतात, दोन्ही.

निंगव्वा उठली. दोघी वेशीपर्यंत गेल्या. तिनं दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, आज नको. दुसऱ्या पहाटेही म्हणाली, आज नको. बानूबी रोज बरोबर येई आणि तशीच परत जाई. चौथ्या पहाटे निंगव्वानं हात बराच वेळ ठेवला, आणि मग जाऊन भट्टीवर तरवड टाकला. दिवसभर ती वेशीत उभी होती. बानूबीची लेक लांबून चालत येताना दिसली, पार जवळ आली, आईच्या गळ्यात पडली. निंगव्वानं ते पाहिलं आणि मग ती घरी गेली.

तिनं पुढं पुष्कळ वर्षं सांगावा दिला. मडकी करायची मात्र सोडली. भट्टीत जाळ असायचा तो धुरापुरता. मल्लप्पानं दुसरं लग्न केलं, पण दर उन्हाळ्यात एकदा धूर बघून तो येई, निंगव्वाच्या ओट्यावर बसे, भाकरी खाई आणि जाई.

एका वैशाखात पहाटे निंगव्वा दगडावर हात ठेवून बसलेली लोकांना दिसली. दगड गार होता. हातही गार होता. त्या दिवशी धूर गावानं केला. असं म्हणतात, त्या दिवशी माळावरून जो कुणी चालला त्याच्या डोक्यावर घोंगडीएवढी सावली होती, आणि वर आभाळात तर काहीच नव्हतं.

आता माळावरून डांबरी रस्ता गेला आहे. एसटी अर्ध्या तासात मादळगीला पोचते. उद्या किती तापणार त्याचा आकडा आदल्या दिवशीच मोबाइलवर येतो. तरी पाडव्यापासून मृग निघेपर्यंत बिसलूरमध्ये रोज पहाटे कुणीतरी निंगव्वाच्या दगडाला हात लावायला जातं. त्या दगडाला शेंदूर नाही, नारळ नाही. हळद वाहतात ती कोरडीच. पाण्याचा थेंब त्यावर कुणी सांडू देत नाही. आणि जो हात लावायला येतो त्याला आधी वेशीतली माणसं विचारतात, "तुझं कुणी वाटेवर आहे का?" आहे म्हणाला तर त्यानं बाजूला व्हायचं. नाही म्हणाला तर त्यानं दगडावर हात ठेवायचा, दगड सांगेल ते ऐकायचं, आणि गार लागला तरच गावानं धूर करायचा.

पूर्वी असं माणूस चटकन मिळे. आता कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची लेक बेंगळुरूला, कुणाचा नवरा ट्रकवर. गेल्या वैशाखात सहा दिवस सगळ्या गावात असं एकही माणूस सापडलं नाही. ते सहा दिवस बिसलूरला धूर झाला नाही, आणि मादळगीची एसटी रिकामी गेली.