मधली पट्टी

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात गोजरा नावाची एक बाई होती. कामाला वाघ आणि तोंडाने तिखट. गावाने उजाड डोंगरावर झाडं लावली होती. झाडं कमरेएवढी झाली आणि खालचा आटलेला झरा पुन्हा पाझरू लागला. बायकांची पायपीट थांबली. आता भीती एकच, वणव्याची. झाडं जळाली तर झराही गेला. म्हणून झाडांच्या खालच्या अंगाला गवत कापून उघड्या मातीचा पट्टा काढायचं ठरलं. आग तिथवर येईल आणि खायला काही नाही म्हणून विझेल. घरटी एकेक तुकडा वाटून दिला.

गोजराच्या लगतचा तुकडा केरबाचा. दोघांचं शेताच्या बांधावरून जुनं वैर. गोजराने आपला तुकडा सारवल्यासारखा लख्ख केला, पण केरबाच्या कडेला हातभर गवत सोडलं. केरबानेही तेवढंच सोडलं. मधे गवताची पट्टी उभी राहिली.

गोजराची सून तेवढं कापायला निघाली. गोजरा म्हणाली, "हात लावू नकोस. आज त्याचं गवत कापून दिलंस, तर उद्या तो म्हणेल बांधही त्याचाच."

चैत्रात कुणाच्या तरी विडीने खालचं रान पेटलं. आग उघड्या मातीपाशी थबकली. मग तिला ती पट्टी सापडली, आणि पायवाटेने चढावं तशी ती वर निघाली.

ओल्या डहाळ्या घेऊन गोजरा आणि केरबा दोघंही धावली. पण गोजरा आपल्या हद्दीत उभी, केरबा त्याच्या हद्दीत, आणि आग मधून वर चाललेली. एक रोप धडधडून पेटलं तेव्हा गोजराचं टाळकं ठिकाणावर आलं. ती पट्टीत घुसली.

"केरबा, बांध तुझा म्हण नाहीतर माझा म्हण. पण आधी मधे ये."

केरबा आला. लोकही धावत आले. खालची एक रांग जळाली, बाकीची झाडं वाचली.

भुवया करपलेली गोजरा मग सगळा पट्टा चालत गेली. दर दोन घरांच्या तुकड्यांमधे तशीच पट्टी उभी होती. सगळेच शेतकरी, सगळ्यांच्या डोक्यात बांध. तिने कुणाला बोल लावला नाही. विळा काढला आणि परक्याचं गवत कापायला बसली. बघता बघता दुसरे विळेही आले.

पावसात जळक्या खोडांना खालून फुटवे आले. केरबाशी तिचं बांधाचं भांडण अजून चालूच आहे. पण डोंगरावर गावाचा नेम ठरला: पहिला विळा शेजाऱ्याच्या तुकड्यात घालायचा, मग आपल्या.

तात्पर्य: आपला वाटा चोख केला म्हणजे काम झालं असं नाही. जे कुणाचंच नाही म्हणून सोडता, आग तिथूनच शिरते. ते आधी कापा.